भूनिरीक्षणातील आंतरराष्ट्रीय सहकार्य व भारत

भूनिरीक्षणातील आंतरराष्ट्रीय सहकार्य व भारत : पृथ्वीचे वातावरण, महासागर, भूपृष्ठ, हिमावरण व वनस्पतिजीवन यांच्या अवस्थांची आणि त्यांत होत जाणाऱ्या बदलांची पद्धतशीर मोजमापे घेणे, ती नोंदविणे व परस्परांशी पडताळून पाहणे, या कार्यास भूनिरीक्षण म्हणतात. जमिनीवरील वेधशाळा, जहाजे, समुद्रात नांगरलेली तरती उपकरणे, फुगे, विमाने व कृत्रिम उपग्रह ही त्याची साधने होत. कोणत्याही एका राष्ट्राला हे कार्य एकट्याने पुरे करता येत नाही. ध्रुवांवरून जाणारा उपग्रह सु. शंभर मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो व तेवढ्या अवधीत अनेक राष्ट्रांच्या सीमा ओलांडतो. वारे व सागरी प्रवाह तर सीमा मुळीच जाणत नाहीत. भारताच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र आहे. येथील शेती ज्या पावसावर अवलंबून असते, तो पाऊस आणणारे वारे विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून व अरबी समुद्रावरून येतात. आपल्या पावसाची पूर्वचिन्हे परक्या भूमीवर आणि कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या समुद्रावर उमटत असल्यामुळे परकीय नोंदींची गरज भारतीय शास्त्रज्ञांना फार लवकर भासली.

पूर्वेतिहास : मुंबईतील कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली व तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची निरीक्षणे घेण्यात येऊ लागली. अशा नोंदींचे मोल त्या किती काळ अखंड चालतात व इतर देशांतील नोंदींशी कितपत जुळविता येतात यांवर ठरते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार असे दिसताच, विद्युत् प्रवाहामुळे चुंबकीय उपकरणांच्या वाचनांत दोष येईल हे ओळखून अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली गेली. त्यामुळे स्थलांतरानंतरही नोंदींची मालिका तुटली नाही. शंभराहून अधिक वर्षांची अशी सलग चुंबकीय मालिका उष्ण कटिबंधात फार थोड्या ठिकाणी आढळते. जगभरच्या भूचुंबकीय अभ्यासकांना ती आजही उपलब्ध असते.

भारतीय वातावरणविज्ञान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर मॉन्सूनचे पूर्वानुमान हा खात्यापुढील मुख्य प्रश्न ठरला. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील हिमवृष्टीच्या आधारे त्याचा यत्न केला. परंतु १८९९ च्या अवर्षणाने केवळ भारतीय भूमीवरील खुणा अपुऱ्या आहेत हे दाखवून दिले. १९०४ मध्ये खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणितज्ञ होते. त्यांनी दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका इ. दूरदूरच्या ठिकाणांचे वायुदाब, तापमान व पर्जन्य यांच्या नोंदी मिळवून त्यांचा भारतीय पर्जन्याशी सांख्यिकीय संबंध तपासला. पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुदाबांत एक प्रकारचे तराजूसारखे हेलकावे असतात, हे त्यातून निष्पन्न झाले. त्यास त्यांनी दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. पुढे १९६० नंतरच्या दशकात जेकब ब्यर्कनेस यांनी त्याचा एल निनो या सागरी आविष्काराशी संबंध जोडला. उपग्रह नसताना, केवळ टपालाने व तारेने आलेल्या आकड्यांवर हा शोध लागला, ही गोष्ट आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या चर्चेत बहुधा विसरली जाते [⟶ मॉन्सून वारे].

आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात (जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८) स्वतंत्र भारताने प्रथमच मोठ्या प्रमाणावर भाग घेतला. कृत्रिम उपग्रहांचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने जगात बारा ठिकाणी बेकर-नन कॅमेरे बसविले, त्यांपैकी एक नैनीताल येथे होता. उपग्रहाच्या कक्षेतील सूक्ष्म विचलनांवरून पृथ्वीचा खरा आकार व तिच्या गुरुत्वाकर्षणातील विषमता यांचे ज्ञान मिळते. त्यासाठी अशी स्थानके पृथ्वीभोवती सर्व बाजूंस असावी लागतात.

हिंदी महासागराची मोहीम : महासागरांपैकी हिंदी महासागराविषयीचे ज्ञान दीर्घकाळ सर्वांत तोकडे होते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९६० ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आखण्यात आली. अनेक राष्ट्रांच्या जहाजांनी तीत भाग घेतला. भारतीय नौदलाचे ‘किस्तना’ हे जहाज त्यांपैकी एक होते. मोहिमेच्या वातावरणवैज्ञानिक अंगासाठी १९६३ मध्ये मुंबईत कुलाबा येथे आंतरराष्ट्रीय वातावरणवैज्ञानिक केंद्र सुरू झाले. महासागरावरील जहाजांचे, विमानांचे व किनाऱ्यावरील स्थानकांचे वृत्तांत तेथे एकत्र होत. केंद्रास संगणक व उपग्रहांकडून येणारी मेघचित्रे थेट ग्रहण करणारे साधन मिळाले होते. अरबी समुद्रावरील मेघांचा विस्तार वरून पाहण्याची भारतीय शास्त्रज्ञांना ही पहिलीच संधी होय.

मोहिमेत गोळा झालेल्या प्लवकांच्या नमुन्यांचे वर्गीकरण करण्यासाठी कोचीन येथे जीववैज्ञानिक केंद्र उघडण्यात आले. मोहीम संपल्यावर जमलेले मनुष्यबळ व सामग्री विखुरली जाऊ नये म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय पुढे गोव्यात दोनापावल येथे आले. पाच वर्षांच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातून कायमची राष्ट्रीय संस्था निर्माण होण्याचे हे उत्तम उदाहरण असून, अन्य अनेक मोहिमांच्या वाट्यास हे भाग्य आले नाही. संस्थेच्या पन्नासाव्या वर्षी, डिसेंबर २०१५ मध्ये, गोव्यातूनच दुसऱ्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेस प्रारंभ झाला.

सुदूर संवेदनाचा प्रारंभ : वस्तूशी प्रत्यक्ष संपर्क न साधता तिच्याकडून परावर्तित वा उत्सर्जित होणाऱ्या प्रारणावरून तिची माहिती मिळविण्यास सुदूर संवेदन म्हणतात. निरोगी वनस्पती दृश्य प्रकाशापेक्षा निकट-अवरक्त प्रारण कितीतरी अधिक परावर्तित करतात व रोग जडल्यावर हे परावर्तन घटते. हा बदल पुष्कळदा डोळ्यांना लक्षणे दिसण्यापूर्वीच होतो. १९७० मध्ये पी. आर. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली केरळातील नारळाच्या बागांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त-संवेदी फिल्मवर छायाचित्रे घेण्यात आली व मूळकूज रोगाने ग्रस्त झालेली झाडे त्यांत वेगळी ओळखता आली. हेलिकॉप्टर सोव्हिएट बनावटीचे, कॅमेरा व फिल्म पाश्चात्त्य, आणि प्रश्न केरळच्या बागाइतदाराचा, असा हा प्रयोग होता. कुलाबा व अलिबाग येथील वेधशाळांचे आणि पुण्याच्या उष्ण कटिबंधीय वातावरणविज्ञान संस्थेचे संचालकपद भूषविलेले पिशारोटी हे भारतातील सुदूर संवेदनाचे जनक मानले जातात.

तत्पूर्वी १९६६ मध्ये नेदर्लंड्सच्या साहाय्याने डेहराडून येथे हवाई छायाचित्रांच्या वाचनाचे प्रशिक्षण देणारी संस्था निघाली होती. तीच पुढे भारतीय सुदूर संवेदन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.

अमेरिकेने जुलै १९७२ मध्ये सोडलेला उपग्रह, ज्याचे नाव पुढे लँडसॅट-१ असे झाले, हा भूसंपत्तीच्या निरीक्षणासाठीचा पहिला उपग्रह होय. त्याच्या प्रतिमा कोणत्याही देशास विकत मिळत. परंतु यात एक मेख होती. उपग्रहावरील फीतमुद्रकाची क्षमता मर्यादित असल्यामुळे भारतावरील दृश्ये कधी व किती टिपावयाची हे अमेरिकेतील नियंत्रककक्षात ठरे आणि प्रतिमा हाती पडेपर्यंत पीक कापूनही झालेले असे. उपग्रह माथ्यावर असतानाच त्याचे संदेश ग्रहण करणारे स्वतःचे स्थानक असणे हाच त्यावरील उपाय होता. १९७८ मधील करारानुसार हैदराबादजवळ शादनगर येथे असे स्थानक उभारण्यात येऊन १९७९ मध्ये ते कार्यान्वित झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेकडे त्याचे व्यवस्थापन होते. भूजलाचे नकाशे, पडीक जमिनींची मोजणी, वनाच्छादनाचा अंदाज इ. कामे प्रथम या परकीय उपग्रहाच्या प्रतिमांवरच झाली.

याच सुमारास सोव्हिएट संघाच्या सहकार्याने भास्कर-१ (७ जून १९७९) व भास्कर-२ (२० नोव्हेंबर १९८१) हे प्रायोगिक भारतीय उपग्रह सोडण्यात आले. त्यांवर दूरचित्रवाणी कॅमेरे व सूक्ष्मतरंग प्रारणमापक होते. भास्कर-१ चा कॅमेरा उच्च विद्युत् दाबाच्या मंडलातील दोषामुळे सु. एक वर्ष सुरू करता आला नाही. त्याच्या प्रतिमांची विभेदनक्षमता सु. १ किमी. म्हणजे जेमतेमच होती. परंतु उपग्रह बांधणे, हाताळणे व त्याच्या संदेशांवरून नकाशा करणे ही सबंध साखळी भारतीय अभियंत्यांच्या हातून प्रथमच पार पडली. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा यांनी सल्यूत-७ या अवकाशस्थानकातून भारतीय भूभागाची बहुवर्णपटीय छायाचित्रे घेतली.

मॉन्सून प्रयोग आणि हिंदी महासागरावरील उपग्रह : जागतिक वातावरणवैज्ञानिक संघटनेने १९७९ मध्ये सबंध पृथ्वीच्या वातावरणाचे एक वर्षभर कसून निरीक्षण करण्याचा कार्यक्रम राबविला. त्याचा एक भाग म्हणून भारत, अमेरिका, सोव्हिएट संघ इत्यादींनी मॉन्सून प्रयोग हाती घेतला. अरबी समुद्राच्या टप्प्यात अमेरिकन संशोधक विमानांची उड्डाणे मुंबईहून होत असत, तर सोव्हिएट जहाजे समुद्रावर ठाण मांडून होती. पृथ्वीभोवती विषुववृत्तावर पाच भूस्थिर उपग्रह असावेत अशी योजना होती. त्यांतील हिंदी महासागरावरचा उपग्रह सोव्हिएट संघ देणार होता, पण तो वेळेवर तयार झाला नाही. तेव्हा अमेरिकेने आपला जुना गोज-१ हा उपग्रह पूर्वेकडे सरकवून सु. ६०° पूर्व रेखांशाच्या आसपास आणला व युरोपीय अवकाश संघटनेने स्पेनमधील आपल्या स्थानकातून त्याचे संदेश ग्रहण केले. प्रयोग संपताच ही सोय संपली. मॉन्सूनच्या उगमस्थानावर कायम नजर ठेवणारा उपग्रह नसणे ही एक प्रकारची जागतिक पोकळीच होती.

ती भरून काढण्याचे काम भारताच्या इन्सॅट मालिकेने केले. एप्रिल १९८२ मध्ये सोडलेला इन्सॅट-१ए त्याच वर्षी निकामी झाला. परंतु ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकन अवकाशयानातून सोडलेल्या इन्सॅट-१बी ने दळणवळणाबरोबरच दृश्य व अवरक्त मेघचित्रे नियमितपणे दिली. नोव्हेंबर १९७७ मध्ये आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्री वादळात सु. दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली होती. त्यानंतर बंगालच्या उपसागरातील एकही वादळ उपग्रहाच्या नजरेतून सुटू नये ही अपेक्षा स्वाभाविक होती.

येथे सहकार्याची दुसरी बाजू दिसून येते. इन्सॅटच्या मूळ प्रतिमा भारताने दीर्घकाळ इतर देशांना तत्काळ उपलब्ध करून दिल्या नाहीत. मेघांच्या हालचालींवरून काढलेले वाऱ्यांचे वेग जागतिक दूरसंचार जालावर पाठविले जात, पण प्रतिमा नव्हेत. या धोरणामागे सुरक्षेचा विचार होता, त्याचप्रमाणे स्वखर्चाने मिळविलेल्या माहितीवर आपलेच नियंत्रण असावे ही भावनाही होती. लँडसॅटच्या काळातील परावलंबनाचा अनुभव ताजा असताना ती अगदीच गैर म्हणता येणार नाही. तथापि तिचे मोल भारतीय वातावरणविज्ञानासही द्यावे लागले. जगातील प्रमुख संगणकीय प्रतिमाने हिंदी महासागराच्या बाबतीत अर्धवट माहितीवर चालत आणि त्यांचीच पूर्वानुमाने परत भारतास उपयोगी पडावयाची होती. डिसेंबर १९९७ मध्ये भारत व अमेरिका यांच्यात झालेल्या समझोत्याने इन्सॅटच्या माहितीची देवघेव सुरू झाली. दुसरीकडे युरोपीय संघटनेने १९९८ मध्ये मेटिओसॅट-५ हा उपग्रह ६३° पूर्व रेखांशावर आणला. हिंदी महासागर प्रयोगासाठी तो तात्पुरता आणला होता. परंतु त्यानंतरही युरोपीय उपग्रह या महासागरावर राहत आले आहेत.

१९९९ च्या प्रारंभी झालेल्या या हिंदी महासागर प्रयोगात ‘सागर कन्या’ या भारतीय संशोधन नौकेचा सहभाग होता. हिवाळ्यात भारतीय उपखंडावरून वाहणाऱ्या वाऱ्यांबरोबर धूलिकण, काजळी व सल्फेट यांचा तपकिरी थर अरबी समुद्रावर दूरवर पसरतो, असे तीत आढळले. निरीक्षणांविषयी फारसा मतभेद नव्हता. मात्र २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात या थरास ‘आशियाई तपकिरी मेघ’ म्हटले गेले, तेव्हा भारतात तीव्र प्रतिक्रिया उमटली. असे थर अन्य खंडांवरही असतात, मग नाव एकट्या आशियाचे का, व मॉन्सूनवरील परिणामांचे निष्कर्ष थोड्या महिन्यांच्या निरीक्षणांवरून कसे काढता येतील, असे आक्षेप होते. पुढे नावातील ‘आशियाई’ हा शब्द जाऊन ‘वातावरणीय’ हा शब्द आला. संयुक्त निरीक्षणांचा अर्थ लावण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न उपकरणांच्या मालकीइतकाच नाजूक असल्याचे या प्रकरणी दिसून आले.

भारतीय सुदूर संवेदन उपग्रह : १७ मार्च १९८८ रोजी बैकानूर येथून सोव्हिएट रॉकेटाने आयआरएस-१ए हा उपग्रह ९०४ किमी. उंचीच्या कक्षेत सोडण्यात आला. त्याच्या कॅमेऱ्यांची विभेदनक्षमता ७२·५ मी. व ३६·२५ मी. होती आणि तो दर २२ दिवसांनी त्याच मार्गावरून जात असे. डिसेंबर १९९५ मधील आयआरएस-१सी ची कृष्णधवल प्रतिमा ५·८ मी. विभेदनक्षमतेची होती, नागरी उपयोगाच्या अंकीय प्रतिमांत त्या काळी ती सर्वांत सूक्ष्म होती. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकेचा लँडसॅट-६ कक्षेत पोहोचू शकला नव्हता. त्यामुळे लँडसॅटच्या प्रतिमा विकणाऱ्या अमेरिकन कंपनीने भारतीय प्रतिमांच्या विक्रीचा करार केला व ओक्लाहोमातील नॉर्मन येथील स्थानकात भारतीय उपग्रहांचे संदेश ग्रहण होऊ लागले. जर्मनीतील नॉयस्ट्रेलिट्झ येथेही अशी सोय झाली. ऑक्टोबर २००३ मध्ये सोडलेल्या रिसोर्ससॅट-१ वरील रुंद पट्ट्याच्या कॅमेऱ्याचा उपयोग तर अमेरिकेच्या कृषी खात्याने काही वर्षे आपल्या देशातील मका, सोयाबीन इ. पिकांखालील क्षेत्राचे नकाशे करण्यासाठी केला. पंचवीस वर्षांपूर्वी जो देश शादनगरला लँडसॅटचे संदेश घेण्यासाठी शुल्क भरत होता, त्याच्याच प्रतिमांवर आता अमेरिकेतील शेतांची मोजणी होऊ लागली.

कायदेशीर चौकट : एखाद्या राष्ट्राने दुसऱ्याच्या भूमीची प्रतिमा घेण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी काय, यावर संयुक्त राष्ट्रांत दीर्घकाळ वाद झाला. आपल्या खनिजसंपत्तीची माहिती आपल्याआधी परकीय कंपन्यांना मिळेल, अशी भीती अनेक विकसनशील राष्ट्रांना वाटत होती. ३ डिसेंबर १९८६ रोजी सर्वसाधारण सभेने स्वीकारलेल्या पंधरा तत्त्वांनी पूर्वसंमतीची अट घातली नाही. त्याऐवजी, ज्या राष्ट्राची प्रतिमा घेतली त्यास ती भेदभावाविना व वाजवी किंमतीत मिळावी, आणि नैसर्गिक आपत्तीची चाहूल लागल्यास संबंधित राष्ट्रास ती त्वरित कळवावी, असे ठरविले. या तत्त्वांना कराराचे बंधनकारक स्वरूप नाही. प्रत्यक्षात ती बऱ्याच अंशी पाळली जातात, याचे एक कारण असे की, प्रतिमांचे पुरवठादार आता अनेक असल्यामुळे अडवणूक करणे कोणालाच फारसे परवडत नाही.

आपत्ती व सागरी इशारे : १९९९ मध्ये व्हिएन्ना येथील संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश परिषदेनंतर युरोपीय व फ्रेंच अवकाश संघटनांच्या पुढाकाराने मोठ्या आपत्तींसंबंधीची आंतरराष्ट्रीय सनद तयार झाली व नोव्हेंबर २००० पासून अमलात आली. आपत्तिग्रस्त देशाने मागणी करताच सदस्य संघटना आपल्या उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य देतात. २६ जानेवारी २००१ च्या गुजरात भूकंपाच्या वेळी या सनदेखाली भारतास प्रतिमा मिळाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतीय अवकाश संशोधन संघटना तिची सदस्य झाली. तेव्हापासून ती इतर देशांतील पूर, भूकंप व वादळे यांच्या वेळी भारतीय उपग्रहांच्या प्रतिमा पुरवीत आली आहे.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने भारतात दहा हजारांहून अधिक बळी घेतले. सुमात्राजवळच्या भूकंपानंतर लाटांना तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला होता. तेवढा अवधी असूनही हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबाद येथे भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. भूकंपलेखक, समुद्रतळावरील दाबमापक व किनाऱ्यांवरील भरतीमापक यांच्या नोंदी तेथे अविरत येतात. त्यांतील कित्येक अन्य देशांच्या असतात. २०११ पासून ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया यांच्यासह हे केंद्र सबंध हिंदी महासागरासाठी सूचना देते. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८·६ महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा मोठी लाट उठलेली नाही हे उपकरणांवरून वेळेवर कळल्याने भारतीय मुख्य भूमीवरील किनारे रिकामे करावे लागले नाहीत. खोटा इशारा टाळणे हेही अशा केंद्राचे मोठे काम असते, कारण दोनदा विनाकारण घर सोडावे लागलेला कोळी तिसऱ्या वेळी सोडीलच असे नाही.

उत्तर हिंदी महासागरातील चक्री वादळांविषयीच्या सूचना देण्याचे प्रादेशिक दायित्व जागतिक संघटनेने नवी दिल्लीतील भारतीय केंद्राकडे सोपविले आहे. वादळांची नावे सभासद देश सुचवितात. आठ देशांची पहिली यादी २००४ पासून वापरात आली. २०२० मध्ये तेरा देशांची १६९ नावांची नवी यादी झाली. तीतील पहिले नाव बांगला देशाने सुचविलेले ‘निसर्ग’ हे होते व त्या नावाचे वादळ ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. पूर्वानुमानातील प्रगती दोन वादळांच्या तुलनेने कळून येते. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळात सु. दहा हजार लोक दगावले; ऑक्टोबर २०१३ मधील ‘फायलिन’ या तीव्र वादळापूर्वी लाखो लोकांना हलविता आल्यामुळे तेथील मृत्युसंख्या काही दशकांत राहिली. यात स्थानिक प्रशासनाचा वाटा सर्वांत मोठा आहे. परंतु वादळ कोठे धडकणार याचा काही दिवस आधीचा भरवसा स्वदेशी व परकीय उपग्रह आणि प्रतिमाने यांच्या एकत्रित उपयोगानेच आला.

संयुक्त उपग्रह : सप्टेंबर २००९ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-२ वर प्रकीर्णनमापक हे उपकरण होते. वाऱ्याने समुद्रपृष्ठावर उठणाऱ्या बारीक तरंगांवरून सूक्ष्मतरंग परत फिरतात. त्यांच्या तीव्रतेवरून वाऱ्याचा वेग व दिशा काढता येतात. त्यानंतर दोनच महिन्यांत अमेरिकेच्या अशाच कामाच्या क्विकस्कॅट उपग्रहाचा आकाशक फिरण्याचा थांबला, आणि फेब्रुवारी २०१४ पर्यंत जगातील वातावरणवैज्ञानिक केंद्रांनी भारतीय उपकरणाचा आधार घेतला. हे उपकरण बंद पडल्यावर स्कॅटसॅट-१ (२०१६) व ओशनसॅट-३ (२०२२) यांनी मालिका पुढे चालविली.

फ्रान्सशी असलेले सहकार्य विशेष फलदायी ठरले आहे. १२ ऑक्टोबर २०११ रोजी सोडलेल्या मेघा-ट्रॉपिक्स या उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी केवळ २० अंशांचा कोन करीत असल्याने उष्ण कटिबंधातील एकाच स्थळावरून तो दिवसातून अनेकदा जात असे. त्याचा पर्जन्यमापक प्रारणमापक यांत्रिक दोषामुळे २०१३ च्या प्रारंभी निकामी झाला. मात्र आर्द्रता मोजणारे फ्रेंच उपकरण पुढे अनेक वर्षे चालू राहिले. मार्च २०२३ मध्ये उपग्रह नियंत्रित रीतीने पॅसिफिक महासागरावर उतरवून नष्ट करण्यात आला. फेब्रुवारी २०१३ मधील सरल या उपग्रहावरील फ्रेंच उच्चतामापकाने समुद्रपृष्ठाची उंची काही सेंमी. पर्यंत अचूक मोजली.

अमेरिकेबरोबरच्या निसार या रडार उपग्रहाचा करार सप्टेंबर २०१४ मध्ये झाला व तो ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून भारतीय रॉकेटाने सोडण्यात आला. सु. २,४०० किग्रॅ. वस्तुमानाच्या या उपग्रहाचा जाळीदार परावर्तक १२ मी. व्यासाचा असून एल पट्ट्याचे रडार अमेरिकेचे, तर एस पट्ट्याचे भारताचे आहे. दर १२ दिवसांनी एकाच स्थळाच्या दोन रडार प्रतिमा घेऊन त्यांतील तरंगांच्या कलांतराची तुलना केली असता जमिनीची काही मिमी. ते सेंमी. हालचाल कळते. दरडप्रवण उतार, भूजलाच्या उपशाने खचणारी भूमी, हिमनद्या व भूकंपप्रवण विभंग यांच्या अभ्यासास हे उपयोगी आहे. ढग व अंधार यांचा रडारला अडथळा होत नाही. म्हणून पावसाळ्याचे चार महिने झाकलेल्या सह्याद्रीसारख्या प्रदेशात त्याचे महत्त्व अधिक. त्याची माहिती सर्वांना विनामूल्य देण्याचे दोन्ही देशांचे धोरण आहे.

संघटना व माहितीधोरण : उपग्रह सोडणाऱ्या संघटनांची भूनिरीक्षण उपग्रह समिती १९८४ मध्ये स्थापन झाली. भारतीय अवकाश संशोधन संघटनेने २०१२ व २०२० मध्ये तिचे अध्यक्षपद सांभाळले. २००५ मध्ये ब्रुसेल्स येथील परिषदेत भूनिरीक्षण गट ही शासनांची व्यापक संघटना अस्तित्वात आली. जिनीव्हा येथे सचिवालय असलेल्या या गटाचा भारत सदस्य आहे. अशा संघटनांचे काम बाहेरून नीरस वाटते. एका देशाच्या उपकरणाचे १५ अंश तापमान व दुसऱ्याचे १५ अंश तापमान एकच आहे काय, हे ठरविण्यात त्यांचा पुष्कळ काळ जातो. परंतु जलवायूतील बदल अंशाच्या दशांशांनी मोजावयाचे असल्याने ही जुळणीच निर्णायक ठरते.

अमेरिकेने २००८ मध्ये लँडसॅटच्या सर्व प्रतिमा विनामूल्य केल्या, तेव्हा त्यांचा वापर कित्येक पटींनी वाढला. भारताचे धोरण मात्र बराच काळ सावध राहिले. मार्च २०१८ मध्ये युरोपीय आयोगाशी परस्परांच्या माहितीच्या देवघेवीची व्यवस्था झाली आणि भारतीय अवकाश धोरण, २०२३ अन्वये ५ मी. व त्याहून स्थूल विभेदनक्षमतेच्या शासकीय प्रतिमा सर्वांस विनामूल्य खुल्या करण्याचे ठरले.

आशिया व पॅसिफिक प्रदेशातील देशांच्या तरुण शास्त्रज्ञांसाठी संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असे अवकाशविज्ञान व तंत्रविद्या शिक्षण केंद्र नोव्हेंबर १९९५ मध्ये डेहराडून येथे सुरू झाले. सुदूर संवेदनाचे त्याचे वर्ग त्याच संस्थेत भरतात, जिची उभारणी १९६६ मध्ये डच तज्ञांच्या साहाय्याने झाली होती.